आर्गोनॉट, माकूळ आणि त्यांचे नाजूक भाऊबंद टाकीत जगवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणारे लोक, मत्स्यशास्त्र शिकणारी मुलं आणि किनाऱ्यावर कागदासारखा पातळ पांढरा शंख सापडलेली माणसं मला हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मी स्वतः माकूळ, म्हणजे कटलफिश, वाढवली आहे. आर्गोनॉट कधी पाळलेला नाही आणि पाळणारही नाही. त्याचं कारण खाली येईलच.

आर्गोनॉट म्हणजे नक्की काय? शंखातला प्राणी की ऑक्टोपस?

ऑक्टोपसच. फरक एवढाच की तो तळाशी, खडकाच्या कपारीत राहत नाही. आयुष्यभर उघड्या समुद्रात, पृष्ठभागाच्या आसपास तरंगत असतो. मादीकडे एक सुंदर, घड्या पडलेला, दुधी रंगाचा शंख असतो. काही जातींत तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. हा शंख तिच्या अंगाला चिकटलेला नसतो. वरच्या दोन हातांना पंख्यासारखे पडदे असतात, त्या पडद्यांतून ती तो घडवते आणि हातांनीच धरून ठेवते. त्यात ती स्वतः बसते आणि अंडीही त्यातच सांभाळते. ‘कागदी नॉटिलस’ हे नाव त्यावरूनच पडलं, पण शंखात राहणाऱ्या खऱ्या नॉटिलसशी त्याचं नातं फार लांबचं आहे. नॉटिलसच्या शंखात कप्पे असतात, आर्गोनॉटच्या शंखात एकही नसतो.

नर दिसत का नाही?

कारण तो जेमतेम दोन सेंटीमीटरचा असतो आणि त्याच्याकडे शंख नसतो. त्याचा एक हात शुक्राणू घेऊन सुटतो आणि मादीच्या अंगात राहतो. १८२९ साली क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला मादीत असा सुटा हात सापडला. तो परजीवी किडा आहे असं समजून त्याने त्याला ‘हेक्टोकोटायलस’ हे नाव दिलं. चूक कळली तरी नाव राहिलं. आजही ऑक्टोपस-माकुळांच्या नराच्या त्या खास हाताला हेच नाव आहे.

आर्गोनॉट टाकीत ठेवण्याचा पहिला प्रयत्न कोणी केला?

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी लांबवतो, कारण ही बाई आपल्याकडे कोणाला फारशी ठाऊक नाही. झान व्हिलप्रू-पॉवर. १७९४ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मली, पॅरिसला जाऊन कपडे शिवायला शिकली, एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखाचं भरतकाम केलं. पुढे एका व्यापाऱ्याशी लग्न करून सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहायला गेली आणि तिथल्या समुद्राने तिला ओढून घेतलं.

त्या काळी विद्वानांत मोठा वाद होता. आर्गोनॉटचं अंग शंखाला कुठेच जोडलेलं नाही, मग हा शंख त्याचा स्वतःचा, की शंखातल्या खेकड्यासारखा दुसऱ्याचा बळकावलेला? मेलेले नमुने दारूत बुडवून हे कळणार नव्हतं. प्राणी जिवंत बघायला हवा होता. म्हणून १८३२च्या सुमारास तिने काचेच्या टाक्या करून घेतल्या. पहिली टाकी घरात ठेवायची. दुसरी काचेचीच, पण बाहेरून पिंजरा असलेली आणि समुद्रात बुडवायची. तिसरा नुसता पिंजरा, उथळ पाण्यात नांगर टाकून ठेवायचा. आज आपण ज्याला ‘अ‍ॅक्वेरियम’ म्हणतो त्याची सुरुवात सांगताना तिचं नाव घेतलं जातं ते यामुळे.

तिने शंखाचे तुकडे मुद्दाम तोडले. मादीने पडद्याचे हात तुटलेल्या जागेवर फिरवले आणि तिथे नवा पापुद्रा धरला. दुसऱ्या शंखाचे तुकडे जवळ ठेवले, तर तेही उचलून ठिगळ म्हणून लावले. अंड्यातून निघालेली पिल्लं शंखाविना असतात आणि शंख नंतर घडवतात, हेही तिने पाहिलं. वाद तिथे मिटला. तिच्या निरीक्षणांचं पुस्तक १८३९ साली आलं. मेसिनाहून निघताना तिचे बरेच नमुने आणि कागद मात्र जहाज बुडून समुद्रातच गेले. शुक्र ग्रहावरच्या एका विवराला आता तिचं नाव आहे.

ती यशस्वी झाली याचं एक साधं कारण बघा. तिने आर्गोनॉटला समुद्रातून फार दूर आणलंच नाही. पिंजरा समुद्रात, पाणी समुद्राचं, खाणंही समुद्राचं.

मग आजच्या चांगल्या टाकीत आर्गोनॉट का टिकत नाही?

पाणी, खाणं, भिंती ही कारणं आहेतच. पण मला सगळ्यात मोठं कारण वाटतं ते खोली, आणि खोली बाजारात विकत मिळत नाही.

टाकीत ठेवलेल्या आर्गोनॉटच्या शंखात हवा अडकते आणि तो बुचासारखा वर तरंगत राहतो, हे लोकांनी फार पूर्वीपासून पाहिलं होतं. बिचारा खाली जायला धडपडतो आणि पुन्हा वर येतो. त्यावरून हवा म्हणजे त्याच्यासाठी अपघात, असा समज झाला. ज्युलियन फिन आणि मार्क नॉर्मन या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जपानच्या समुद्रात मच्छीमारांच्या जाळ्यात आलेल्या जिवंत माद्या घेतल्या, त्यांच्या शंखातली हवा काढली, त्यांना समुद्रात सोडलं आणि स्वतः पाण्यात उतरून पाहिलं. २०१० साली त्यांनी जे छापलं त्याने हा समज उलटा केला. मादी स्वतःहून वर आली. शंखाचं तोंड पाण्याबाहेर काढून तिने हवा भरून घेतली, दुसऱ्या जोडीच्या हातांनी ती आत कोंडली आणि नळीतून पाण्याचा फवारा मारत जोराने खाली गेली. एका ठरावीक खोलीवर पोचल्यावर ती आडवी होऊन आरामात पोहू लागली.

यामागे शाळेत शिकलेला बॉइलचा नियम आहे. पृष्ठभागावर हवेचा दाब एक ‘वातावरण’ (दाबाचं एकक). दहा मीटर खाली तो दुप्पट होतो आणि कोंडलेली हवा निम्मी होते. हवा दबते तसं शंखाला वर ढकलणारं बळ घटतं. एका खोलीवर ते बळ आणि तिचं वजन बरोबर जुळतं. तिथे तिला ना बुडायची भीती, ना तरंगायची.

आता आपली टाकी घ्या. एक मीटर खोल टाकी म्हणजे घरात मोठीच. एक मीटरवर दाब वाढतो फक्त एक दशांश, म्हणजे हवा जेमतेम नऊ टक्के दबते. मादी कितीही जोर लावो, तिला हवी ती खोली कधी येतच नाही. हवा भरून घेतली तर ती वर अडकते आणि काढून टाकली तर दिवसभर फवारे मारत राहावं लागतं. थकते, काचेवर आपटते, शंख तडकतो. काही मत्स्यालयांत आर्गोनॉट काही दिवस, काही आठवडे जगले आहेत, अंडीही उबली आहेत. पण तो तिथे सुखात होता असं मला कधी वाटलं नाही.

कोपरे नसलेली गोल टाकी कशासाठी?

उघड्या समुद्रात राहणाऱ्या प्राण्याला भिंत ही गोष्टच माहीत नसते. माकूळ घाबरली की मागच्या मागे सुसाट जाते, आणि जाते त्या दिशेला तिचं लक्ष नसतं. चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात तिचं शेपटाकडचं टोक पुन्हा पुन्हा घासतं, कातडी सोलवटते, जखम चिघळते आणि आठवड्याभरात मरते. ही कातडी वरून पेशींच्या एकाच थराची असते. आपल्या हाताची साल जाते तशी ती सहज जाते, पण आपल्यासारखी खपली धरत नाही.

म्हणून गोल टाकी घ्यावी, आणि तीही भिंत दिसेल अशी. अगदी पारदर्शक काच माकुळीला दिसत नाही. आतून गडद पट्टे किंवा ठिपके असले तर ती आधीच वळते. जेलीफिश आणि तरंगणाऱ्या पिल्लांसाठी ‘क्रायझेल’ वापरतात. ही उभ्या चाकासारखी टाकी असते आणि तिच्यात पाणी हळूहळू गोल फिरत राहतं. वुल्फ ग्रेव्ह या जर्मन शास्त्रज्ञाने ती १९६०च्या दशकात प्लवकांसाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांसाठी, काढली. प्रवाह इतका मंद हवा की पिल्लू तळाला बसू नये आणि भिंतीवरही आदळू नये. तो जुळवायला कधी कधी दोन दिवस जातात. प्राणी आणण्याआधीच ते दोन दिवस द्या.

आर्गोनॉटला आणखी एक सवय आहे. समुद्रात तो जेलीफिशला, लाकडाला, कधी दुसऱ्या आर्गोनॉटलाही धरून राहतो. तात्पुरता ठेवावाच लागला तर त्याला धरायला काहीतरी मऊ, तरंगतं द्या.

पाणी कसं हवं?

क्षार लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. पीएच ८.१ ते ८.३. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ‘जवळपास शून्य’ इथे चालत नाही. हे प्राणी मांसच खातात आणि अमोनियाच टाकतात. त्याच वजनाच्या माशापेक्षा कितीतरी जास्त घाण होते. माशांना पुरणारा फिल्टर यांना पुरत नाही. स्किमर, म्हणजे फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र, मोठा लावा.

प्राणवायूचं गणित वेगळं आहे. यांच्या रक्तात लोह नसतं, तांबं असतं. म्हणून रक्त निळसर. हे निळं रक्त प्राणवायू वाहण्यात आपल्या लाल रक्तापेक्षा कमी पडतं आणि पीएच थोडा उतरला तरी त्याची ताकद घटते. रात्री वीज गेली तर मासे दोन तास तग धरतील, माकूळ धरेलच असं नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप आधी विकत घ्या, प्राणी नंतर.

कोकणात किनाऱ्यावरून पाणी आणणाऱ्यांना एक सांगतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी पाणी फारच गोडं होतं. डोळ्यांनी कळत नाही. रिफ्रॅक्टोमीटरने (क्षार मोजायच्या उपकरणाने) मोजल्याशिवाय एक बादलीही ओतू नका. क्षार घटले की मासे सावरतात, शीर्षपाद (माकूळ, ऑक्टोपस, नॉटिलस यांचा गट) सावरत नाहीत.

माशांची औषधं चालतात का?

नाही. विशेषतः मोरचूद असलेलं कुठलंही औषध. रक्तात तांबं असूनही पाण्यातलं तांबं त्यांना विष आहे. हे मी वाचून शिकलो नाही. शेजारच्या टाकीत माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर औषध चालू होतं. त्या टाकीची बादली मी नुसती विसळून माकुळीच्या पिल्लांचं पाणी बदलायला वापरली. रात्री सहा पिल्लं होती. सकाळी सगळी तळाशी पांढरीफटक पडली होती, एकाचाही रंग हलत नव्हता. तेव्हापासून माकुळीची बादली, पाइप, जाळी, सगळं वेगळं, आणि त्यावर तेलरंगाने मोठं ‘मा’ लिहिलेलं. तांब्या-पितळेच्या नळातून, हंड्यातून आलेलं पाणीही वापरू नका.

खायला काय?

जिवंत. सुरुवातीला तरी जिवंतच. हलणाऱ्या वस्तूवरच यांची नजर बसते. मोठ्या माकुळीला कोळंबी, छोटे खेकडे, छोटे मासे. सवय झाली की काडीला टोचून हलवलेली मेलेली कोळंबीही घेतात, पण त्याला धीर लागतो.

आर्गोनॉटची शिकार बघण्यासारखी असते. जे. झी. यंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाने नेपल्सच्या समुद्री संशोधन केंद्रात ती पाहून १९६० साली लिहिली. मादी आपले पडदे शंखावर बाहेरून पांघरून बसते. त्या पडद्याला एखादा छोटा जीव शिवला रे शिवला की एक हात झटकन तिथे पोचतो आणि तो उचलून तोंडाकडे नेतो. म्हणजे शंख हे तिचं जाळंही आहे. टाकीत पडदे आखडून बसलेली मादी उपाशी राहते, समोर कितीही खाणं तरंगत असलं तरी.

जाळीने पकडायचं का?

कधीच नाही. जाळीने कातडी सोलते. पाण्यात बुडवलेल्या वाडग्यात किंवा बादलीत हळूच घ्या आणि पाण्यासकट उचला. हवेत उचललं तर अंगाच्या पोकळीत हवा शिरते, मग प्राणी तिरका तरंगत राहतो आणि ती हवा काढणं कठीण जातं. प्रवासाआधी एक दिवस उपास, पिशवी काळोखात, वर प्राणवायू. पिशवीत शाई सोडली तर थांबा आणि पाणी ताबडतोब बदला. शाई कल्ल्यांवर बसली तर जीव गुदमरतो. टाकीतला दिवा एकदम चालू किंवा बंद करू नका. हळूहळू उजेड वाढवा. निम्मे अपघात दिव्याच्या बटणामुळे होतात, असं माझं मत आहे.

खरा नॉटिलस सोपा असतो का?

चिवट असतो, सोपा नाही. तो दिवसा दोन-तीनशे मीटरवर, थंड काळोखात राहतो. टाकीला पाणी थंड करणारा चिलर हवाच, १५ ते १८ अंश ठेवावे लागतात. मुंबईच्या मे महिन्यात हे विजेचं बिल आधी काढून बघा. टाकीत वाढलेल्या शंखावर काळी, खरखरीत कड येते. म्हणजे समुद्रासारखी वाढ तिथे होत नाही. हवाईतल्या वायकीकी मत्स्यालयात त्याची अंडी उबली आहेत, पण एका अंड्याला वर्षभर लागतं. नॉटिलस वीस वर्षांहून जास्त जगतो आणि उशिरा वयात येतो. शंखाच्या व्यापारापायी त्याची संख्या इतकी घटली की २०१६ साली त्याला साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात घ्यावं लागलं. भारतात तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. विकायला दिसला तर घेऊ नका.

मग नवशिक्याने काय वाढवावं?

अंड्यापासून माकूळ. तळाशी राहणारी, समुद्रफेस बनवणारी. आयुर्वेदाच्या दुकानात मिळतो किंवा पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तो समुद्रफेस म्हणजे हिच्याच पाठीतलं हलकं हाड. त्यातल्या बारीक पोकळ्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून ती तरंगते. पृष्ठभागावरची हवा तिला लागत नाही. म्हणूनच उथळ टाकी तिला चालते, आर्गोनॉटला चालत नाही.

आपल्या किनाऱ्यावरची छोटी माकूळ शाई मिसळून काळी अंडी घालते. ती जाळ्याला, दोराला काळ्या द्राक्षांच्या घडासारखी चिकटून येतात. एकदा एका मच्छीमार काकांनी मला असा घड बादलीतून आणून दिला, “फेकून देणार होतो, तू सांभाळ” म्हणाले. मी तो टाकीत दोऱ्याने लटकवला, खालून हवेचे बारीक बुडबुडे सोडले. दिवसागणिक द्राक्षं फुगत गेली, काळा रंग विरळ झाला आणि टॉर्च धरला की आत दोन डोळे दिसू लागले. दोन आठवड्यांनी पहाटे पहिलं पिल्लू बाहेर आलं. मसुराएवढं. वाळूवर टेकलं, वाळूच्या रंगाचं झालं. मी बोट काचेजवळ नेलं तसं तपकिरी झालं आणि दोन हात वर केले.

तिसऱ्या दिवशी त्याने पहिली शिकार केली. बारीक मायसिड (कोळंबीसारखा चिमुकला जीव) समोरून गेला. पिल्लू पुढे सरकलं, थांबलं, दोन्ही डोळे पुढे वळले आणि दोन लांब शुंडा बाहेर येऊन परत गेल्या. ते इतक्या पटकन झालं की मला फक्त नाहीसा झालेला मायसिड दिसला.

अडचण खाण्याचीच येते. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा जिवंत मायसिड किंवा अगदी बारीक जवळा लागतो. आर्टेमिया (माशांच्या पिल्लांना घालतात तो खाऱ्या पाण्यातला बारीक जीव) सहज मिळतो म्हणून फक्त त्यावर ठेवू नका. पोट भरलेलं दिसतं, पण पिल्लं वाढत नाहीत. जिवंत जवळा बादलीत तासाभरात मरायला लागतो, तेव्हा तो आणायची सोय आधी करा. केरळात विळिंजमला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने मोठ्या जातीची माकूळ बंदिस्त जागेत वाढवली आहे. म्हणजे आपल्याकडच्या पाण्यात, आपल्या हवेत हे जमतं.

माझी माकूळ वर्षाच्या आत मेली. माझं काय चुकलं?

बहुतेक काहीच नाही. लहान जाती काही महिने, मोठ्या वर्ष-दोन वर्षं जगतात. अंडी घातल्यावर बऱ्याच जाती खाणं सोडतात, रंग फिका पडतो, डोळे धुरकट होतात, अंगावर पांढरे चट्टे येतात. हे म्हातारपण आहे, रोग नाही. औषधं घालून तिला त्रास देऊ नका. उजेड कमी करा, पाणी स्वच्छ ठेवा, इतर प्राणी वेगळे करा.

आर्गोनॉट मादी याला अपवाद आहे. ती पुन्हा पुन्हा अंडी घालते, आणि एकाच शंखात ताज्या अंड्यांपासून फुटायला आलेल्या अंड्यांपर्यंत हजारो अंडी एकत्र असतात. अशी मादी टाकीत मरते तेव्हा तिच्याबरोबर ती सगळी जातात.

त्यांना दुखतं का?

हो, असंच धरून चाला. युरोपीय संघाने २०१० साली प्रयोगातल्या प्राण्यांच्या नियमांत शीर्षपादांना घेतलं. ब्रिटनने २०२२च्या कायद्यात त्यांना संवेदना असलेले प्राणी मानलं. टाकीसमोर तासभर बसलात तर कायद्याची गरजही पडणार नाही.

किनाऱ्यावर जिवंत आर्गोनॉट सापडला तर?

आर्गोनॉटच्या काही जाती अरबी समुद्रातही आहेत, वादळानंतर त्या किनाऱ्याला लागू शकतात. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर तर थंडीत त्या लाटांबरोबर पुष्कळ येतात.

आधी शंख ओढू नका. मादी शंख सोडून निसटली तर तिला दुसरा पुरा शंख घडवता येत नाही आणि ती जगत नाही. समुद्राच्या पाण्याने भरलेली स्वच्छ बादली घ्या, पाण्याखालीच तिला आत येऊ द्या. बादली सावलीत ठेवा. शंखात हवा अडकून ती वर तरंगत असेल तर पाण्याखालीच शंखाचं तोंड हळूच वर करा, बुडबुडे निघून जातील. शंखाला तडा असेल तर चिकटवायला जाऊ नका. तुटलेला तुकडा बादलीतच राहू द्या, कदाचित ती स्वतः उचलेल.

मग होडी असलेल्या कोणाला तरी विनंती करा. लाटांच्या पलीकडे, खोल पाण्यात, बादली पाण्यात तिरकी करून तिला सोडा. तिथे तिला हवी तेवढी खोली मिळेल. हवा भरून घ्यायला ती आपली आपण वर येईल.